आवाज बंद झाला, बिघाड राहिला

माणसाला आवाजाची सवय फार लवकर लागते. रेल्वेच्या रुळांलगत राहणाऱ्या कुटुंबाला रात्रीची शेवटची गाडी ऐकू येत नाही. पिठाच्या गिरणीशेजारी दुकान थाटणाऱ्याला तिची घरघर जाणवत नाही. ही सवय नसती तर जगणे अवघड झाले असते, हे खरे. परंतु ज्या सवयीमुळे नको असलेला गोंगाट ऐकू येईनासा होतो, त्याच सवयीमुळे ऐकायलाच हवी अशी सूचनाही ऐकू येईनाशी होते. धर्मग्रामाच्या जुन्या मोटारीने आम्हांला हा धडा शिकवला. त्या धड्यातून पुढे एक नैतिक प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर आम्हांला पुस्तकातून ठाऊक होते. ते आपल्या खिशाला लावून पाहण्याची वेळ मात्र तोवर आली नव्हती.

ही मोटार वसई परिसरातील एका श्रद्धाळू कुटुंबाने धर्मग्रामाला दिलेली. आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर नेऊन देणे, रात्री-अपरात्री एखाद्या वृद्धाला इस्पितळात पोहोचवणे, दूरच्या वाड्यांवर मिस्सेसाठी जाणे, ही सारी कामे तिने बिनतक्रार केली. एका वर्षी पावसाळा संपता संपता, सकाळी ती सुरू केली की इंजिनातून बारीक टकटक येऊ लागली. पहिल्या दिवशी आम्ही कान टवकारले. दुसऱ्या दिवशी ‘हवेत गारवा आहे, त्याने असेल,’ असे स्वतःला सांगितले. आठवड्याने काच वर केली आणि पंधरवड्याने भक्तिगीतांचा आवाज वाढवला. भक्तिगीतांचा असा उपयोग करणारे आम्ही एकटेच नसू, अशी आशा आहे. वळणावर तेलाचा लाल दिवाही अधूनमधून क्षणभर लुकलुके. पण क्षणभरच, म्हणून त्याकडेही आम्ही पाहिले न पाहिल्यासारखे केले. असे दोन महिने गेले.

अखेर आमच्याच धर्मग्रामातील एक तरुण मेकॅनिक मिस्सेनंतर चर्चच्या आवारात गाडीजवळ थबकला. “फादर, गाडी काहीतरी सांगतेय, आणि तुम्ही गाणी लावता?” तो हसत म्हणाला. आम्ही गाडी गॅरेजात आणून सोडण्याची तयारी दाखवली. त्यावर तो म्हणाला, “लगेच गॅरेज कशाला? शनिवारी दुपारी मी इथेच येतो. आधी ऐकू तर या.”

शनिवारी तो आला तेव्हा त्याच्या हाती अवजारांपेक्षा प्रश्नच अधिक होते. आवाज इंजिन थंड असताना येतो की तापल्यावर? गती वाढवली की वाढतो, की तसाच राहतो? चढावर बदलतो का? उभ्या गाडीतही येतो, की चालतीतच? दोन महिने आम्ही त्या आवाजाच्या सोबतीने प्रवास केला होता, तरी यांतल्या एकाही प्रश्नाचे धड उत्तर आम्हांला देता आले नाही. आवाज कानांवर पडणे आणि आवाज ऐकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या दुपारी प्रथम ध्यानात आले.

त्याने गाडी छपराखालून काढून मोकळ्या अंगणात उभी केली. बंद जागेत इंजिन चालवणे जिवावर बेतू शकते. कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साईड या वायूला रंग नाही, वास नाही, आणि माणूस गुदमरतो आहे हे त्याचे त्यालाही कळत नाही. आम्हांला झगा काढून अर्ध्या बाह्यांचा सदरा घालण्याची आज्ञा झाली. फिरता पट्टा आणि पंखा यांना सैल कापड सापडले की ते हातासकट ओढले जाते.

मग त्याने इंजिन बंद ठेवून, सपाट जमिनीवर थोडा वेळ थांबून, तेल मोजायची पट्टी बाहेर काढली. ती पुसली, पुन्हा आत घातली आणि काढून आमच्यासमोर धरली. पट्टीवर दोन खुणा असतात, तेल त्या दोहोंच्या मध्ये असावे लागते. आमच्या पट्टीचे खालचे टोक तेवढे ओले होते. तो काही बोलला नाही. कोणत्याही इंजिनाच्या आवाजाचा शोध येथूनच सुरू करायचा असतो, कारण हे पाहायला पैसा लागत नाही, अवजार लागत नाही आणि दोन मिनिटांहून अधिक वेळही लागत नाही. आम्ही ती दोन मिनिटे दोन महिन्यांत काढली नव्हती.

तेल पुरेसे भरल्यावर शोध पुढे सरकला. पट्टा घसरल्याने होणारी किंचाळी निराळी असते. पट्ट्यावर थोडे पाणी शिंपडले की ती लगेच बदलते. अल्टरनेटर किंवा पाण्याचा पंप यांतला आवाज असेल, तर पट्टाच उतरवून इंजिन अर्धा मिनिट चालवायचे. आवाज थांबला तर दोष त्या बाजूला. न थांबला तर तो इंजिनाच्या पोटात. पाण्याचा पंप त्या पट्ट्यावरच चालत असेल, तर अर्ध्या मिनिटाहून अधिक चालवायचे नाही. धूर बाहेर नेणाऱ्या नळीचे गॅस्केट फाटले तर फुस्-फुस् असा आवाज येतो. तो थंड इंजिनात मोठा असतो आणि धातू तापून फुगला की लहान होतो. घाईत तो टॅपेटचाच वाटतो, आणि मग नसलेल्या दोषावर पैसे खर्च होतात.

हे सारे वगळून झाल्यावर त्याने एक लांब पेचकस घेतला, त्याचे टोक इंजिनावर टेकवले आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. मग तो एकेका जागी थांबून ऐकू लागला. आम्हांला लेनेक या फ्रेंच वैद्याची आठवण झाली. १८१६ साली पॅरिसच्या इस्पितळात एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणे त्याला अनुचित वाटले, म्हणून त्याने कागदाची गुंडाळी करून तिचे एक टोक छातीला व दुसरे आपल्या कानाला लावले. त्यातूनच स्टेथोस्कोप जन्माला आला. हा लेनेक श्रद्धाळू कॅथलिक होता. रुग्णाचा मान राखताना त्याला रोग अधिक स्पष्ट ऐकू आला, हे आम्हांला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आले आहे.

पेचकसातून टकटक वरच्या झाकणाखाली, टॅपेटांपाशी, सर्वांत स्पष्ट ऐकू आली. इंजिनाचा क्रँक दोनदा फिरतो तेव्हा झडपा उघडणारा कॅम एकदा फिरतो. गाडी जागच्या जागी धगधगत असताना क्रँक मिनिटाला आठशे फेरे घेत असेल, तर एका टॅपेटची टकटक मिनिटाला चारशे वेळा होते. झडप आणि तिला दाबणारा भाग यांच्यामध्ये थोडी फट ठेवावी लागते. ती फार झाली की टकटक होते, फारच कमी झाली तर झडप नीट मिटत नाही आणि जळते. त्याने झाकण उघडले, पोलादाच्या पातळ पात्यांचे गेज फटीत सरकवून एकेक फट मोजली, स्क्रू फिरवला, वरची नट आवळली. तासाभराने इंजिन सुरू केले. टकटक गेली होती.

आम्ही देवाचे आभार मानून बॉनेट लावण्यास हात घातला. तो म्हणाला, “थांबा फादर. आता खरं ऐकू येईल.”

आणि खरोखरच ऐकू आले. वरची टकटक गेल्यावर तिच्या खाली एक दुसरा आवाज होता. जड, खोल, दाराआडून कोणी मुठीने ठोठावावे तसा. एक्सिलरेटर दाबून सोडला की तो क्षणभर वाढे. त्याने इंजिन बंद केले, पहिल्या स्पार्क प्लगची वायर काढून ती सुरक्षित ठिकाणी लावली व इंजिन पुन्हा सुरू केले. ठोका तसाच. दुसऱ्याची काढली, ठोका तसाच. तिसऱ्याची काढली, आणि ठोका जवळजवळ थांबला. त्या सिलिंडरमधला स्फोट थांबल्यामुळे तिथल्या कनेक्टिंग रॉडवरचा भार उतरला होता. (नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉईल असते, तिथे हा प्रयोग घरी करू नये.) नंतर त्याने इंजिनातील थोडे तेल पांढऱ्या फडक्यावर घेऊन उन्हात धरले. त्यात चांदीच्या वर्खासारखे कण चमकत होते. ते बेअरिंगचे होते.

रॉड आणि क्रँक यांच्यामध्ये जी फट असते ती मिलिमीटरच्या शतांशांत मोजावी लागते, केसाएवढीही नाही. त्या फटीत तेलाचा पापुद्रा असतो आणि धातू धातूला शिवत नाही. तेल आटले की पापुद्रा तुटतो, आणि एकदा झिजलेले बेअरिंग नंतर कितीही तेल ओतले तरी भरून येत नाही. “टॅपेट आपण अंगणात लावलं,” तो म्हणाला, “हे अंगणातलं काम नाही. इंजिन खोलावं लागेल, क्रँक लेथवर न्यावा लागेल. तोवर गाडी बाहेर काढू नका. हायवेवर रॉड तुटला तर ब्लॉक फोडून बाहेर येतो.” आपल्या हातांनी काय होते आणि काय होत नाही हे वेळीच सांगणे, हाही कारागिराच्या प्रामाणिकपणाचाच भाग आहे.

धर्मग्रामाच्या वित्त समितीने खर्चाचा अंदाज ऐकला आणि गाडी विकावी असे ठरवले. त्या पैशांतून धर्मशिक्षणाच्या वर्गाचे गळके छप्पर दुरुस्त करायचे होते. सभा संपल्यावर एक अनुभवी हितचिंतक आम्हांला बाजूला घेऊन म्हणाले, “फादर, तेल काढून जाड तेल भरू. महिनाभर ठोका ऐकू येत नाही. तुम्ही खोटं बोलायचंच नाही. तो विचारणार नाही, आपण सांगायचं नाही. आणि घेणारा काही आपल्या गावातला नाही.”

हे गृहस्थ लबाड नव्हेत. स्वतःच्या दुकानात त्यांनी कधी मापात मारल्याचे कोणी ऐकलेले नाही. ते जे म्हणाले ते बाजारात रोज घडते, आणि त्यांना त्यात स्वतःचा एक पैसाही मिळणार नव्हता. म्हणूनच त्यांच्या म्हणण्याला सरळ उत्तर द्यावे, उपदेश नव्हे, असे आम्हांला वाटले. न विचारलेला दोष न सांगणे हे असत्य आहे काय?

हा प्रश्न फार जुना आहे. रोमन विचारवंत सिसेरो याने इ. स. पूर्व ४४ मध्ये कर्तव्यांविषयी लिहिलेल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात एक प्रसंग कल्पिला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक सज्जन व्यापारी धान्याचे जहाज घेऊन तिथे पोहोचतो. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, गावाला नाही. त्याने ते सांगावे, की चढ्या भावाने आपला माल विकावा? डायोजिनीस या तत्त्वज्ञाचे म्हणणे असे, की कायदा जेवढे सांगायला लावतो तेवढे सांगावे. बाकी न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर याचे म्हणणे, की विक्रेत्याला जे ठाऊक आहे ते सारे घेणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. सिसेरोने कौल दिला तो न लपवण्याच्या बाजूने.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी हाच प्रश्न अधिक बारकाईने तपासला. लंगडा घोडा वेगवान म्हणून किंवा मोडकळीला आलेले घर भक्कम म्हणून विकणे हा अन्याय, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. परंतु त्यांनी एक भेदही केला. दोष उघड असेल, घोडा एकाक्ष असेल, आणि त्या मानाने किंमत उतरवली असेल, तर विक्रेत्याने तो दोष तोंडाने सांगितलाच पाहिजे असे नाही. दोष झाकलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याला धोका पोहोचणार असेल, तर मात्र सांगणे बंधनकारक आहे. आमच्या गाडीच्या दारावरचे ओरखडे आणि झिजलेले टायर यांविषयी आम्ही मौन पाळले तर चालले असते. घेणाऱ्याला डोळे आहेत. बेअरिंग त्याला दिसणार नव्हते.

आपल्या देशाचा १८७२ चा करार कायदाही याच घोड्यापाशी थांबतो, हे पाहून आम्हांला मौज वाटली. त्याच्या सतराव्या कलमात उदाहरण आहे: लिलावात कोणी सदोष घोडा विकतो आणि काही बोलत नाही, ही फसवणूक नव्हे. पण पुढचे उदाहरण असे, की घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि ठाऊक असलेली गोष्ट कृती करून झाकणे, ही तर त्याच कलमाप्रमाणे फसवणूकच. म्हणजे जाड तेलाचा प्रश्न कायद्यानेच निकालात काढला होता. ते तेल म्हणजे मौन नव्हे. ते तोंड न उघडता सांगितलेले असत्य आहे.

उरला प्रश्न नुसत्या मौनाचा. कायदा म्हणतो, मुलीला सांग. का? कारण ती आपली आहे, तिने आपल्यावर विसंबणे स्वाभाविक आहे. आमच्या हितचिंतकाचेही म्हणणे नेमके हेच होते, फक्त उलट्या बाजूने: घेणारा आपला नाही. इथे कायद्याचा हात संपतो. माझा शेजारी कोण, असे प्रभू येशूला विचारणाऱ्या शास्त्र्याला मिळालेला दृष्टान्त आपणां सर्वांना तोंडपाठ आहे. त्या दृष्टान्तातील वाटसरूही कुणाच्या गावातला नव्हता.

समितीतील एका भगिनीने याहून अवघड हरकत घेतली. “फादर, गाडी तुमची नाही, धर्मग्रामाची आहे. स्वतःच्या पैशावर उदार होणं सोपं. हा पैसा मुलांच्या छपराचा आहे.” कारभाऱ्याने मालकाच्या वस्तूला शक्य तेवढी चांगली किंमत मिळवावी, हे त्याचे कर्तव्यच आहे. पुष्कळ विचारान्ती आम्हांला एवढेच सुचले: चांगल्या इंजिनाची किंमत आणि झिजलेल्या इंजिनाची किंमत यांमधील जो फरक, तो धर्मग्रामाचा कधीच नव्हता. तो गाडीतून येणार नव्हता, घेणाऱ्याच्या अज्ञानातून येणार होता. जे मुळात आपले नाही ते आपण देऊन टाकले, असे होत नाही.

हे सारे लिहिताना आम्ही फार सरळ माणूस ठरतो आहोत, याची जाणीव आहे. म्हणून पुढचे सांगणे भाग आहे. तो तरुण त्या सकाळी गाडीजवळ थबकला नसता तर काय झाले असते? आम्ही गाडी तशीच विकली असती. कुणी विचारले असते तर ‘आमच्या माहितीप्रमाणे गाडी ठीक आहे’ असे म्हटले असते, आणि ते शब्दशः खरे असते. नीतिशास्त्रात अज्ञानाचा एक प्रकार सांगितला आहे: कळले तर वागणे बदलावे लागेल, म्हणून माणूस कळूनच घेत नाही. हे अज्ञान दोष कमी करीत नाही. सभ्य माणसे जाड तेल भरत नाहीत. ती गाण्यांचा आवाज वाढवतात. सांगण्याचे कर्तव्य ऐकण्यापासून सुरू होते. जो ऐकतच नाही त्याला लपवण्याची गरजही पडत नाही.

घेणारा आला तो शेजारच्या तालुक्यातला एक तरुण होता. वडिलांना आठवड्यातून दोनदा इस्पितळात न्यावे लागते, रिक्षा परवडत नाही, म्हणून जुनी गाडी हवी होती. आम्ही इंजिन थंड असतानाच त्याच्यासमोर सुरू केले. मेकॅनिकने तिसऱ्या प्लगची वायर काढून दाखवली आणि पुन्हा लावून दाखवली. तरुण बराच वेळ गप्प उभा राहिला.

“फादर, मी विचारलंही नव्हतं. मला का सांगता?”

“हा आवाज आम्ही दोन महिने ऐकला नाही,” आम्ही म्हणालो. “तुम्ही तरी ऐका.”

त्याने गाडी घेतली नाही. आभार मानून तो निघून गेला. महिन्याभराने एका गॅरेजवाल्याने ती घेतली. काय घेतो आहोत हे त्याला पुरते ठाऊक होते, आणि त्याने किंमतही तशीच दिली, आम्ही धरलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी. छपराचे काम पुढे ढकलावे लागले. पुढच्या पावसाळ्यात मुलांनी ताडपत्रीखाली बसून धर्मशिक्षण घेतले. त्या भगिनी एकदा म्हणाल्या, “फादर, तुमच्या सद्सद्विवेकबुद्धीचं बिल मुलांनी भरलं.”

आम्ही ते वाक्य पुष्कळ दिवस मनात घोळवले. त्यात सत्य आहे, पण एका शब्दाची दुरुस्ती हवी. मुलांनी बिल भरले ते आमच्या सद्सद्विवेकबुद्धीचे नव्हे, आमच्या दुर्लक्षाचे. नुकसान खरे सांगितल्यामुळे झाले नाही. ते तेलाची पट्टी न पाहिल्यामुळे आधीच होऊन गेले होते. खरे सांगितल्याने एवढेच झाले, की ते बिल एका आजारी माणसाच्या मुलाच्या घरी गेले नाही. ही दुरुस्ती आम्ही त्या भगिनींना सांगितली. त्यांनी ती मान्य केली, आणि मग छपराचे काय, असे विचारले. त्यांचे बरोबरच होते.

आता धर्मग्रामाकडे दुसरी एक जुनी गाडी आहे. दर शनिवारी दुपारी आम्ही बॉनेट उघडून पट्टी पाहतो. आणि गाडी सुरू केल्यावर चर्चच्या फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंत गाणी लावत नाही.